ड्रायव्हरचं वजन

२७ ऑक्टो., सोम.
सकाळी सर्व्हेच्या डॉक्टर पाटणकर मॅडमनी मला काट्यावर उभं केलं. मला वाटलं माझीच तपासणी. तसं नाही. वजनाची मशीन रोज बरोबर दाखवते का, ते पाहायला रोज एक ठरलेलं वजन ठेवावं लागते म्हणे. त्यासाठी वीस किलोचा लोखंडी गोळा होता, तो दुसऱ्या टीमच्या गाडीत गेला. मॅडम म्हणाल्या, "ड्रायव्हर आहे की. रोज याचंच करा."
म्हणजे आता मी तो गोळा. रोज चहाच्या आधी, बूट काढून, हाच टी-शर्ट, हीच पॅन्ट.
उंची १६८. वजन ५२.४. टॅबवर आकडे भरणारा विनायक म्हणते, "साडेअठराच्या वर आलास, वाचलास." काय ते विचारलं. वजनाला उंचीने भागायचं, आलेल्याला परत उंचीने भागायचं, उंची मीटरमध्ये. शाळा आठवीत सोडली पण भागाकार येते मला. केला. १८.५७. बरोबर.
हे गाडीच्या लॉगबुकात लिहून राहिलो. पुढच्या पानांवर कि.मी., मागून मी.

३० ऑक्टो., गुरु.
व. ५२.४.
डोंगरातल्या वाड्या. घाटात उसाच्या ट्रॉल्या, जीव मुठीत. सुजाता ताई वजन-उंची घेते, विनायक टॅबवर भरते, मी सावलीत गाडी लावून बसतो. ज्याचा आकडा साडेअठराच्या खाली त्याला गुलाबी चिठ्ठी. चिठ्ठीवाल्यांना दर गुरुवारी माझ्या गाडीतून कोल्हापूरच्या दवाखान्यात, रक्तातली साखर पाहायला.
मॅडम तिथेच असतात. मी म्हटलं, शुगर तं मोठ्या पोटवाल्याला होते ना? म्हणाल्या, "सगळे हेच म्हणतात. बारीक माणसाला झाली तर कोणी तपासतच नाही. तेच शोधतोय आपण."
आपण म्हणाल्या. बरं वाटलं.

३ नोव्हें., सोम.
व. ५१.९. सुजाता ताई : "काय रं भावा, जेवला नाहीस व्हय रात्री?"
जेवलो तं. चार भाकरी. भातही दोनदा मागून घेतला. इथं भात ताटाच्या कोपऱ्यात वाढते, देवाला ठेवल्यासारखा.
वि. म्हणते अर्ध्या किलोचा फरक चालते. त्याच्या वर गेला तं मॅडमना कळवावं लागते.

६ नोव्हें., गुरु.
दवाखान्याच्या बाहेर मॅडम म्हणाल्या, हे काम संपलं की दोन वर्षांचं मोठं काम आहे, सातारा-सांगली. "गाडी नीट चालवतोस. तूच राहा." पगारी. महिन्याच्या महिन्याला. गाडीमालकाच्या मर्जीवर नाही.
आणि सकाळी व. ५१.५ होतं. वि. ने ५१.९ च लिहिलं. म्हणे, उद्या पाहू.
बिमार माणसाला कोण ठेवते दोन वर्षं?

७ नोव्हें.
एक लिटरची बाटली गटागटा पिलो, मग चढलो. ५२.४.
सोपं आहे. एक लिटर म्हणजे एक किलो.

१० नोव्हें., सोम.
व. ५२.३. दीड बाटली लागली.
आईचा फोन. गोंदियाकडे उशिरा येणाऱ्या भारी धानाची कापणी चालू आहे, बहीण पूनम पण जाऊन राहिली तिच्यासोबत बांधीत. "जेवतं का नाही बापू? तुजा आवाज बारीक काऊन येऊन राहिला?" म्हटलं डोंगर आहे, नेटवर्क बारीक आहे.
पाणी तसंही लागतेच दिवसभर. ओठ सुकते. घाटात तीनदा गाडी थांबवली. सु. ताई : "डिझेल कमी आन् थांबे जास्त झाल्यात बघ या गाडीला." सगळे हसले. मी पण.
सीटवर उशी घेतली. हाडं लागते.

१२ नोव्हें.
व. ५२.४. दोन बाटल्या अन् वरून अर्धी. पोट ढोलासारखं. काट्यावरून उतरून सरळ लॉजच्या मागे पळालो.
चहा नकोसा. नुसती झोप येते.

१४ नोव्हें., शुक्र.
घोटाळा झाला.
रात्री लॉजची टाकी संपली. सकाळी नळाला पाणी नाही, बाटली रिकामी, दुकान बंद. तसाच चढलो. ४९.७.
मला वाटलं आता सगळे माझ्याकडे पाहतील. कोणीच नाही पाहिलं. दोघंही मशीनकडे पाहून राहिले. उलटी केली, सेल बदलले, फरशी बदलली. परत चढवलं. ४९.७. वि. म्हणते, "मशीन गेली. एका रात्रीत माणूस पावणेतीन किलो उतरत नाही."
बरोबरच बोलला. एका रात्रीत नाही उतरत.
मग त्याने ठरवलं, नवीन मशीन येईपर्यंत प्रत्येकाच्या वजनात २.७ मिळवायचे.
सु. ताई : "आधी मॅडमना विचार की."
वि. : "रेंज कुठाय? गुरुवारी भेटल्यावर सांगतो. काम थांबवू व्हय?"
मी बूट घालत होतो. एक लेस बांधायला किती वेळ लागला.

१५ नोव्हें.
आता वेगळाच तमाशा. ४९.७ वरच राहायला पाहिजे, नाही तं वि. परत आकडा बदलणार. पाऊण बाटली मोजून पिलो. ४९.८. वि. खूश, "बघ, फरक कसा पक्का निघालाय."

१७ नोव्हें., सोम.
वरच्या वाडीत हौसाबाई म्हणून एक बाई. पन्नाशीची असेल. नुसती काडी. काट्यावर ४०.६ आली, उंची १५२. वि. ने २.७ मिळवले, ४३.३. आकडा साडेअठराच्या वर. चिठ्ठी नाही.
गाडीपाशी आली, माझी बाटली मागितली, अख्खी पिऊन टाकली. म्हणे, "पाणी पुरंना झालंय बघ लेकरा. रातीला चारदा उठतो मी. अंगावरचं सगळं गेलं." इकडच्या बायका उठतो, जातो असंच बोलतात. मी म्हटलं, मी पण चारदा उठतो मावशी. ती म्हणे, "तुला काय धाड भरलीया जवान गड्याला?" अन् हसली.
मी केला भागाकार. ४०.६ ने १७.५७ येते. तिला चिठ्ठी पाहिजे होती.
येताना कि.मी. चा दगड अगदी जवळ येईपर्यंत वाचता आला नाही. दोनदा डोळे पुसले. तीसच्या वर गाडी नेली नाही.

१८ नोव्हें.
मशीन रात्री गाडीतच असते. सकाळी गावातल्या कृषी केंद्रात नेली. मालक ओळखीचा झाला आहे, म्हटलं जरा पाहू द्या. युरियाची पोती शिलाईबंद, पंचेचाळीस किलोची. एक चढवली. ४५.१. दुसरी. ४५.१. तिसरी. ४५.०.
मालक म्हणे, "काटा एक नंबर आहे की."
हो, म्हटलं.

१९ नोव्हें., बुध.
शुक्रवारपासून त्रेचाळीस माणसं झाली. वि. आंघोळीला गेला तेव्हा टॅबमधून २.७ मिळवायच्या आधीची खरी वजनं उतरवून घेतली. बसून एकेक भागलं. दोनदा चुकलो, परत केलं. अकरा जण रेषेच्या खाली यायला पाहिजे होते, तीनच आले. आठ जणांना माझ्यापायी चिठ्ठी नाही.
वि. ला सांगितलं तं वि. मॅडमना सांगणार. मॅडम विचारणार, तू एवढा उतरला कसा?
उद्या गुरुवार. उद्या सांगतो. नाही तं काम संपल्यावर

२० नोव्हें., गुरु.
वॉर्डमधून लिहून राहिलो, हाताला सलाईन, अक्षर लागत नाही. तरी लिहून ठेवतो.
सकाळी तिघं चिठ्ठीवाले गाडीत बसले. हौसाबाई रस्त्यावर उभी. डोक्यावरून नवं लुगडं, हातात पिशवी. सुनेने सांगितलं म्हणे गाडी येणार. वि. ने यादी पाहिली, "तुमचं नाव नाही मावशी."
"परत बघ की जरा."
"नाही म्हटलं ना. तुमचं वजन चांगलं आहे."
ती स्वतःच्या हाताकडे पाहून राहिली. मी गाडी काढली.
दोन वळणं गेलो. तिसऱ्यावर थांबवली. रिव्हर्स घेतला. वि. ओरडला, "काय रे, वेडा झालास?" मी बोललो. सगळं एका दमात. मशीन बरोबर आहे. मीच उतरलो. पाणी पिऊन चढत होतो. त्या दिवशी पाणी नव्हतं.
मग वि. म्हणे, "किती दिवस?" म्हटलं, सात तारखेपासून. त्याने डोक्याला हात लावला. "चावी दे इकडं."
हौसाबाईला पुढे बसवलं. मी मागे. वि. गाडी चालवते चांगली, क्लच जास्त दाबते.
दवाखान्यात मॅडमना मीच सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी माझी जीभ पाहिली, डोळ्याखाली पाहिलं, श्वासाचा वास घेतला. स्वतः बोट टोचलं. त्या छोट्या मशीनने आकडाच दाखवला नाही, नुसती दोन इंग्रजी अक्षरं. म्हणजे साखर तिच्या मोजण्याच्या वर गेली.
"चालत आलास तू इथं?" मॅडम म्हणाल्या. अन् खुर्ची ओढली, स्ट्रेचर, सगळं एकदम.
हौसाबाईचीही वाढलेली. माझ्याएवढी नाही.

२३ नोव्हें., रवि.
वॉर्डमध्ये. सलाईन काल निघालं. इंजेक्शन पोटावर घ्यायचं. पहिलं नर्सने दिलं, दुसरं माझ्या हाताने. तिसऱ्याला नर्स लागली नाही.
वि. आला, बिस्किटचा पुडा आपटून ठेवला. "तू पाणी पिलास, आमचा आठवडा गेला. त्रेचाळीस जणांची वजनं परत घ्या म्हणतात मॅडम." सु. ताई म्हणे, "गप की. तू कुणाला विचारून मिळवलंस रं पावणेतीन?" वि. जाताना माझी उशी सरळ करून गेला. ही गाडीतली उशी, ताईने आणून दिली.
गाडीवर दुसरा ड्रायव्हर आला आहे. कागलचा.
आठही जणांना चिठ्ठी देणार.

२५ नोव्हें.
मॅडम राउंडला. विचारलं, माझा आकडा तुमच्या कामात लिहाल का? वजन तं रोजचंच आहे. म्हणाल्या, "नाही रे. तू यादीतल्या गावचा नाहीस. तू ड्रायव्हर." मग माझी फाइल बंद केली. "पण मी विसरणार नाही."
कामाचं विचारलं. साखर आटोक्यात आली, डोळे नीट झाले, तसा डॉक्टरचा कागद आणला की पाहू, म्हणाल्या. हो नाही म्हटलं, नाही पण नाही. इंजेक्शन जन्मभर का काही महिने, ते एका तपासणीवर आहे. रिपोर्ट यायचा आहे.

२९ नोव्हें., शनि.
परवा दवाखान्यातून सुट्टी झाली, दुपारची महाराष्ट्र एक्सप्रेस. इंजेक्शनच्या बाटल्या थर्मासात बर्फावर, थर्मास सु. ताईने दिला. कोल्हापूर ते गोंदिया, मांडीवरून खाली नाही ठेवला. बाजूचा म्हणे, "क्या है भाऊ, आइसक्रीम?"
रात्र गोंदिया स्टेशनवर काढली, सकाळची एसटी कोहमाऱ्याला बदलली. ज्या ढाब्यावर ट्रक धुता धुता गाडी शिकलो तो आता पक्का बांधला आहे.
नवेगावात पोचलो तं आई बांधीतूनच आली, पदरात तूस. पाहून राहिली. मग सरळ चुलीपाशी गेली. नव्या तांदळाचा भात, तळ्यातली मासोळी.
"भात कमी खायचा आहे."
"भात नाही खाशीन तं का खाशीन? कोनं सांगतलं?"
"डॉक्टरनं."
"त्याचं घर कुठी हाय? धान होते का त्याच्या गावी?"
फ्रिज नाही. बाटल्या ओल्या रेतीत मडक्यात ठेवल्या. पूनमने रेती आणली.

३० नोव्हें.
आईला सगळं समजावून सांगितलं. पाणी, रात्री उठणं, वाळणं. ती सूप खाली ठेवून ऐकत होती. मग म्हणे, "तुजा बाप बी असाच करे. हंडा तोंडाले लावे. दोन वर्सं टीबीच्या गोळ्या खाल्ल्या त्यानं. थुंकीत कधी काई निंगालं नाही, तरी खाल्ल्या." बाबा गेले तेव्हा मी लहान होतो, मला एवढं माहीतच नाही. बाबांची साखर कोणी पाहिली होती का विचारलं.
"कायले पायतील? बारीक होता तो."

१ डिसें., सोम.
पूनम सतरा वर्षांची. काल दाराच्या चौकटीवर खूण करून उंची मोजली, १५४. वजन राइस मिलच्या काट्यावर, ३९.८. भागाकार १६.७८. रात्री किती वेळा उठतं, विचारलं. "तुले कायले पाहिजे?" म्हणे. मग, "दोनदा. कधी तीनदा."
आज सकाळीच इथल्या सरकारी दवाखान्यात घेऊन आलो. सिस्टर म्हणते, शुगरची तपासणी तीस वर्षांच्या वर. अन् हिच्याकडे पाहून, "हिले कायले? हे तं कशी काडी हाय."
म्हणूनच, म्हटलं. माझा कोल्हापूरचा कागद पुढे केला. तिने वाचला, परत वाचला, माझ्याकडे पाहिलं. मोठा आवाज केला नाही मी. बाबांचं सांगितलं. माझं सांगितलं.
साखर तपासायच्या पट्ट्या संपल्या आहेत म्हणते. दुपारच्या गाडीने येतील, नाही तं उद्या. घरी जा, फोन करू.
पूनम म्हणे, "चाल ना दादा, धान वाळत घालायचा आहे. सगळे पाहून राहिले."
बसलो आहो बाकावर. तिलाही बसवलं. आतापर्यंत दोनदा पाणी पिऊन आली.