पडद्यावरचे हात

सोमवार, ३ फेब्रुवारी
इंद्रजीतने आज केबिनमध्ये बोलावून गळ घातली. मार्चअखेर सोनचाफा वाहिनी मुंबईच्या कंपनीकडे जाणार. त्याआधी पंचवीस वर्षांची स्मरणिका काढायची आहे — जाड कागद, रंगीत फोटो, सगळा थाट. पहिलं प्रकरण मी लिहायचं. "सुरुचीताई, सुरुवातीचं तुमच्याशिवाय आता कोणाला माहीत आहे?"

माहीत आहे की. येरवड्याला एक बाई आहे. पण मी हो म्हटलं आणि बाहेर आले.

बुधवार, ५
लिहायला बसले. सुरुवात सोपी. इंद्रजीतचे वडील आप्पासाहेब स्वारगेटला केबलचा धंदा करायचे. गच्च्यांवरून वायरी टाकायच्या आणि रात्री पिक्चर लावायचा. २००० साली त्यांनी ठरवलं, आपली स्वतःची वाहिनी काढायची. स्वयंपाक, साड्या, घर कसं लावावं, असलं सगळं. टायरच्या दुकानावर एक खोली, एक कॅमेरा, एक शेगडी. मी सव्वीस वर्षांची, नाटकात कामं केलेली, बोलण्यात पटाईत. 'सुरुचीचं स्वयंपाकघर', रोज दुपारी दोन वाजता. पुण्यात दोन वाजता लोकांना जागं ठेवलं, हे काय कमी झालं!

इथपर्यंत झरझर आलं. पुढचं वाक्य असं होतं, की मला साधी पोळी लाटता यायची नाही. तिथे उठले आणि कपड्यांच्या घड्या करत बसले.

शनिवार, ८
एक ओळ नाही. आजही भाजी करपली. आणि लोक मला सुगरण म्हणतात!

मंगळवार, ११
ऋतुजाने पकडलं. स्मरणिकेचं काम तिच्याकडे आहे, म्हणून जुन्या टेपा बघत होती. मला बोलावून म्हणाली, "मॅम, हे हात तुमचे नाहीयेत ना?"

नाहीत. हुस्नबानूआपाचे आहेत. ती घोरपडे पेठेत राहायची, लग्नकार्याची जेवणं करायची. पुरणपोळी तर अशी, की भल्याभल्यांनी तिच्याकडून शिकावी. एकच कॅमेरा. आधी माझा चेहरा घ्यायचे — मी हसायचे, बोलायचे. मग मी बाजूला व्हायचे आणि माझ्या जागी आपा उभी राहायची, कॅमेरा खाली तिच्या हातांवर. एका कापडाचे दोन ब्लाउज शिवले होते, बांगड्याही दोघींना सारख्याच. एकदा ईदनंतर ती मेंदी लावून आली. झालं! शूटिंग थांबवून माझ्या हातांवर तीच नक्षी काढून घेतली आणि मी प्रेक्षकांना बेधडक सांगितलं, मावसबहिणीचं लग्न होतं.

सहा वर्षं हे चाललं. 'बाईंच्या हाताला काय चव असेल' अशी पत्रं यायची. मी ती वाचून दाखवायचे. आपा भांडी पुसत ऐकायची.

तिचं नाव एकदाही पडद्यावर आलं नाही.

शुक्रवार, १४
लिहून टाकलं एकदाचं. हुस्नबानूआपाचं नाव, तिचे हात, सगळं. नाव का गाळलं तेही लिहिलं — आप्पासाहेब म्हणाले होते, आपल्या बायकांना मुसलमान बाईच्या हातची पुरणपोळी पचायची नाही. आप्पासाहेबांना जाऊन चार वर्षं झाली. मला वाटलं, इंद्रजीत वडिलांबद्दलचं ते वाक्य खोडेल. त्याने तोंड जरा वाकडं केलं, पण म्हणाला, राहू दे, खरं आहे तर आहे. मुंबईवाल्यांना असलं आवडतं. ऋतुजा म्हणाली, मॅम, किती धीट आहात तुम्ही.

धीट! मला तिच्याकडे बघवेना.

बुधवार, १९
शिवजयंतीची सुट्टी. रस्ते बंद, रिक्षा फिरून फिरून येरवड्याला. आपा आता मुलाकडे राहते. केस पांढरे, डोळ्यांना नीट दिसत नाही. मला आवाजावरून ओळखलं. मऊ भात पुढे केला, लोणचं वाढलं, मुलाबाळांची चौकशी केली. ती इथे राहायला आल्यापासूनच्या तेरा वर्षांत मी एकदाही गेले नव्हते, त्याबद्दल एक शब्द नाही.

मी प्रकरण वाचून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. स्वतःचं नाव आलं तेव्हा हसली, पुन्हा वाच म्हणाली. मी तीनदा वाचलं. मग आप्पासाहेबांचं ते वाक्य आलं आणि तिने माझा हात धरला.

"एवढं काढ, सुरुची. मेलेल्या माणसाला बोलता येत नाही."

मी का म्हणून विचारलं नाही. निघताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. रिक्षात रडू आवरेना. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं.

शुक्रवार, २१
सकाळीच इंद्रजीतला फोन केला. प्रकरण छापखान्यातून परत मागव म्हटलं. तो का म्हणून विचारायला लागला, तर संध्याकाळी येऊन सांगते म्हटलं. त्याआधी इथे लिहिते. चौदा तारखेचं पान खोटं आहे. या वहीतसुद्धा मी खोटंच लिहिलं. आप्पासाहेब पहिल्याच आठवड्यात कार्यक्रमाच्या शेवटी दाखवायला तिच्या नावाची पाटी रंगवून घेऊन आले होते — 'पाककृती आणि हात : हुस्नबानू'. मी म्हटलं, ही पाटी लागली तर उद्यापासून दुसरी सुरुची शोधा. जातधर्म माझ्या डोक्यातही नव्हता. ते हात माझेच आहेत असं लोकांना वाटत राहायला हवं होतं, बास. आप्पासाहेब पाटी काखेत मारून खाली गेले.

आपा तेव्हा दारातच उभी होती, घासलेली ताटं हातात घेऊन. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली.