पाणी वाढलं

आप्पा, सकाळपासून धरणातून गोदावरीत पाणी सोडलंय आणि माझी मुलगी गंगेपलीकडे क्लासला गेली आहे. जाताना 'येते' म्हणाली नाही. 'जाते'सुद्धा म्हणाली नाही. 'बाय' म्हणाली आणि कानात ती गाण्यांची बोंडं खुपसून जिना उतरली. तुम्ही असता तर तिला अर्ध्या जिन्यातून परत बोलावून देवापुढे उभं केलं असतंत. मी नुसती गॅलरीत उभी राहिले. पूल उंच आहे, काही होत नाही, असं तिचे बाबा फोनवर समजावून झाले. मला ते कळतं. पण भीती पुलाची उंची विचारत नाही. मन चिंती ते वैरी न चिंती. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. आपल्या घरात तुमच्या या नातीइतकं घाबरट कोणी नव्हतं आणि त्यावरून मला तुमच्याइतकं कोणी चिडवलंही नाही.

मी लहान असताना तुम्ही ओझरच्या कारखान्यात होतात. कारखान्याची बस उजाडता उजाडता नाक्यावर यायची, त्याआधी तुमची गंगेवरची अंघोळ आणि पूजा उरकलेली असायची. मला अजून ते जसंच्या तसं दिसतं. तुम्ही खांद्यावर पंचा टाकताय, तांब्याचा गडू उचलताय, देवांना हात जोडून 'येतो' म्हणताय, आणि मी गोधडीत डोळे मिटून जागी आहे. तुम्ही गेलात की मी कान जिन्याकडे लावून पडून राही. आधी तुमचं खोकणं, मग ओल्या चपलांचा आवाज, मग गडू फरशीवर टेकल्याचा आवाज. तो आला की माझा जीव भांड्यात पडायचा आणि खरी झोप तेव्हा लागायची. एकदा मी रडतच विचारलं होतं की गंगेने तुम्हाला नेलं तर. तुम्ही पंचा पिळत म्हणालात, "अगं वेडे, ती मला कुठे नेते? मीच तिला रोज गडवातून घरी आणतो."

देवाचं तुम्ही फार अवडंबर माजवलं नाहीत. उपास मोजके, पूजा आटोपशीर. पण शब्दांचं सोवळं भारी कडक. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. दिवा विझत नाही, शांत होतो. संध्याकाळी समईत तेल घालताना मी एकदा म्हणाले की आप्पा, तेल संपलं. तुम्ही हातातली वात खाली ठेवलीत आणि माझ्याकडे असं बघितलंत की मला वाटलं, मी देवालाच पायाने ढकललं. "देवाच्या दारात 'संपलं' म्हणू नये. वाढलं म्हणावं." तेव्हापासून आपल्या घरात सगळं वाढायला लागलं. पीठ वाढलं, रॉकेल वाढलं, आईचं डोक्याला लावायचं तेल वाढलं. आई कोपऱ्यावरच्या दुकानात 'साखर वाढली हो' म्हणाली तर दुकानदार म्हणे, वहिनी, माझा भाव जुनाच आहे. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा सगळ्यात जास्त तुम्हीच हसलात. पण नियम काही सैल झाला नाही.

मग ते पुराचं वर्ष. तुम्ही निवृत्त होऊन बराच काळ झाला होता, मी नुकती नोकरीला लागले होते. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि बाबांनी तुमचं गंगेवर जाणं बंद केलं होतं. देवांना नळाचं पाणी चाललं असतं, ते तुम्हीही मान्य केलंत, पण जेवण मात्र ताटात तसंच राहायला लागलं. गडू कोरडा पडून होता. दिवसभर तुम्ही गॅलरीतून खालच्या माणसांना विचारायचात, मारुतीच्या कुठवर आलं? आपल्याकडे पूर मोजायचा तो असाच, गंगेतल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर. कोणी म्हणे गुडघ्याला लागलं, कोणी म्हणे कमरेला, आणि प्रत्येक उत्तराबरोबर माझ्याच छातीपर्यंत पाणी आल्यासारखं होई. दुपारी मी स्वयंपाकघरात होते. खालच्या भाजीवाल्या मावशी, मूळच्या सायखेड्याच्या, पाट्या आवरून घाईघाईने घरी आल्या होत्या. त्यांनी खालूनच हाक दिली, "आप्पा, मारुतीपाशी पानी वाढलं बरं का."

मी ऐकलं. मागोमाग तुमचं 'येतो' ऐकलं. वाटलं, ओट्यावर जाऊन मावशींशी बोलत बसाल. मी फोडणी परतली, गॅस बारीक केला, आणि हात तसाच राहिला. बाहेर येऊन बघते तर कोनाड्यात गडू नव्हता. मावशींनी सांगितलं ते सगळ्या नाशिकला कळलं असतं. फक्त तुम्हाला कळलं नसतं. तुमच्या कानांनी ऐकलं ते आपल्या घरातलं वाढणं. पाणी वाढलं म्हणजे पाणी संपलं, पूर ओसरला, देवांनी वाट मोकळी केली.

मी अनवाणीच पळाले. गल्लीत माणसं उलटी येत होती, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं, एक जण हातगाडीवर गॅसच्या टाक्या ओढत चाललेला. मी प्रत्येकाला विचारते आहे, धोतर नेसलेले, हातात गडू असलेले आजोबा दिसले का, आणि पंचवटीत या वर्णनाची माणसं थोडी का असतात! वळणावर पाणी दिसलं. तपकिरी, जाड, रोजच्या गंगेशी काही नातं नसलेलं. ते पायऱ्या, देवळं, बाजार सगळं पोटात घालून एका भांड्यांच्या दुकानाच्या फळीशी आलं होतं आणि त्या फळीवर तुम्ही वाकलेले होतात. मी तुमचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. तुम्ही गडू भरून घेतलात तेव्हाच उभे राहिलात. तुमचं अंग थरथरत होतं. तुम्हाला असं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याचीच मला पाण्यापेक्षा जास्त भीती वाटली. म्हणालात, "अगं, भाजीवाली म्हणाली ना वाढलं म्हणून." मी रडत म्हणाले, आप्पा, वाढलं म्हणजे वाढलं.

बाबा त्या दिवशी तुम्हाला बोलू नये ते बोलले. तुम्ही गढूळ पाणी निवळायला ठेवून देवांपुढे बसून राहिलात आणि दिवेलागणीला मला हाक मारलीत. मला वाटलं आता देवाची काही गोष्ट सांगणार. तुम्ही म्हणालात, "आजपासून तू सरळ 'संपलं' म्हणत जा. देवाला मराठी येतं, तो समजून घेईल." जन्मभर सांभाळलेलं सोवळं तुम्ही माझ्या भीतीपायी सोडलंत. मला एवढं मोठं काही कोणी दिलेलं नाही, आप्पा, आणि ते मला नीट वापरताही आलं नाही. आजही डबा रिकामा झाला की मी क्षणभर गप्प उभी राहते. संपलं म्हटलं तर तुमची आठवण आडवी येते, वाढलं म्हटलं तर गंगेची. मुलगी म्हणते, आई, तुला शब्द आठवत नाहीत का हल्ली?

त्यानंतरच्या एका थंडीत तुमची छाती भरली. तुम्हाला खुर्चीत बसवून बाबा आणि शेजारचे काका जिन्याने खाली नेत होते. तुम्ही चौकटीला हात लावून त्यांना थांबवलंत, देवांकडे बघितलंत, कडी धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "येतो." दवाखान्यातून तुम्हाला आणलं तेव्हा जिना अरुंद म्हणून खाली ओट्यावरच ठेवलं. सगळे खाली येऊन रडले. वर तुम्ही आलाच नाहीत.

एवढं लिहिलं आणि मुलगी आली. भिजलेली, हसत, बोंडं कानातच. हे पत्र मी कुठे टाकणार? गंगेत सोडावं तर तुम्हीच रागवाल, निर्माल्यसुद्धा टाकू देत नव्हतात. तिने विचारलं, दाराला कडी का नाही गं, नेहमी उघडंच कसं? मी सवयीने म्हटलं, दूधवाल्यासाठी. ती टॉवेल ओढत म्हणाली, "आई, आपण दूध पिशवीचं आणतो. दूधवाला कुठून आला?"

 या घराचा पत्ता तुम्हाला माहीत नाही, हेही मला कळतं. पण रोज उजाडायच्या आत मी उठून कडी काढून ठेवते, आप्पा. तुम्ही येतो म्हणाला होतात.