पुलीवरचा चुन्याचा ठिपका

आप्पा,

आज जांबोटीच्या चढावर एक गाडी गुमान वर गेली आणि मला तुमच्याशी बोलावंसं वाटलं. बेळगावात मला ओळखणारे म्हणतील, इंजिनं लावून देणं हा तिचा धंदाच, त्यात काय सांगायचं. पण तुम्हाला सांगायलाच हवं. तुम्ही असता तर आधी बॉनेट उघडून वाकून बघितलं असतंत, मग माझ्याकडे वळून विचारलं असतंत, "च्या पिलीस का न्हाय गं?" कौतुक करायची तुमची रीत तीच होती. ती मला फार उशिरा कळली असं नाही. तेव्हाही कळायची, आणि मी मुद्दाम "न्हाय" म्हणायची, म्हणजे तुम्ही चहा मागवाल.

गाडी खानापूरकडच्या एका तरुणाची. घरी भातशेती, इथं शहरात नोकरी, आणि सुट्टीचा सगळा जीव गाडीत. इंजिन स्वतः उघडून स्वतःच जोडलेलं. त्याला टर्बो बसवलाय, इंजेक्टर मोठे घातलेत, कंपनीचा कॉम्प्युटर काढून नवा लावलाय. मागं एकदा असंच जोडलं आणि चढावर पिस्टन फुटला. या वेळी गाडी माझ्याकडे आणून म्हणाला, "आक्का, ह्या बारीला फुटलं तर मी ह्यातनं उठलो बघा. भंगारात घालतो." हसत म्हणाला, पण हात बॉनेटवरून उचलला नाही. ज्यानं एकेक बोल्ट आपल्या हातानं आवळलाय, त्याच्या तोंडी भंगार हा शब्द सहज येत नाही. मला एकदम भीती वाटली. इंजिनाची नाही, त्याच्या त्या हाताची.

टायमिंग म्हणजे काय हे मला कॉलेजात शिकवायच्या आधी तुम्ही आपल्या निपाणीच्या स्वयंपाकघरात शिकवलं होतंत. आई आणि शेजारची काकू उखळात मिरच्या कांडतायत, एकीचं मुसळ खाली तेव्हा दुसरीचं वर. मिरचीच्या खाटानं तुम्ही दारातच शिंकताय आणि मला म्हणताय, "हे बघ, ठिणगीचंबी असंच असतंय. पिस्टन वर पोचायच्या जरा आधी पडाय पाहिजे, म्हंजे दणका बरोबर खाली बसतो. लई आधी पडली की मुसळावर मुसळ." आई म्हणाली, "शिंकायचं टायमिंग तेवढं बाहीर जाऊन बघा." मी अजून शिकायला आलेल्या पोरांना हेच उखळ सांगते. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा लवकर पचतं.

तुम्ही दुरुस्त करायचात त्या जिपांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर होता. तो हातानं किंचित फिरवून, मान तिरकी करून तुम्ही ऐकायचात. आता फिरवायला काही नाही, ठिणगी कॉम्प्युटर ठरवतो. आधी त्याला सांगायचं, पिस्टन वर पोचायच्या आधी दहा अंशांवर थांब, आपल्या मनानं हलू नकोस. मग फिरत्या पुलीवर टायमिंग लाईट मारायचा. ठिणगी पडते तेव्हाच तो चमकतो, त्यामुळे पुलीवरची खूण जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. ती दहावर नसेल तर जुळेपर्यंत लॅपटॉपमधला आकडा सरकवायचा. लाईट तुम्ही दिलेलाच आहे. माझा डिप्लोमा झाला तेव्हा आईनं तुम्हाला बेळगावच्या खडेबाजारात धाडलं होतं, पोरीच्या कानाला काहीतरी आणा म्हणून. तुम्ही हे आणलंत. "हे काय कानात घालणार व्हय ती?" असं आई ओरडली आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "कानातलं नवरा आणंल. हे कोण आणणार?" आजोबांनी जन्मभर तंबाखूच्या वखारीत पोती वाहिली, आणि त्यांच्या नातीच्या हातात तुम्ही तो लाईट ठेवलात. आप्पा, इतका मोठा मान मला पुन्हा कुणी दिला नाही.

तर त्या पोराच्या गाडीला लाईटनं दहा दाखवले, लॅपटॉपनंही दहाच. सगळं जुळलं. आणि चढाला लागताच इंजिन खडखडलं, डब्यात खडे हलवल्यासारखं. मी पाय काढला, इंजिनावर जोर पडतो तेव्हाचे ठिणगीचे आकडे लॅपटॉपमध्ये कमी केले. खडखड गेली. तो पोरगा म्हणाला, "झालं न्हवं का, आक्का? द्या गाडी." मीही दिलीच असती. पण सकाळी थंड इंजिनाला चावी मारली तर ते सुरू होता होता उलटा हिसका देई. चढाची तक्रार मी दाबली होती. मुळात काहीतरी चुकलेलंच होतं.

त्या उलट्या हिसक्यानं मला तुमच्याकडे आलेली ती जीप आठवली. मी पुलीवरची खूण बघून टायमिंग लावलंय, ऐटीत पाने पुसतेय, आणि जीप दुपारच्या आत धापा टाकत परत आलीय. तुम्ही ओरडत नाही. पुलीकडे बोट दाखवून विचारता, "ही खूण तू केलीस व्हय?"

"न्हाय, कंपनीची हाय."

"मग कंपनीला हाक मार की. बघू दे येऊन."

कुणीतरी त्या जिपेला दुसऱ्याच गाडीची पुली चढवलेली असते. मग तुम्ही हत्यारांच्या पेटीतून एक जुना स्पार्क प्लग काढता, पोटातून लांब बोल्ट आरपार घातलेला, आणि पहिल्या सिलिंडरात बसवता. इंजिन हातानं फिरवायचं. पिस्टन बोल्टला टेकला की पुलीवर खूण. उलटं फिरवायचं, पुन्हा टेकला की दुसरी खूण. दोन्हींच्या मध्ये दोरा धरून दुमडायचा, तो मध्य म्हणजे पिस्टनचं खरं टोक. खूण करायला तुमच्याकडे रंग नसे. बंडीच्या खिशातून तंबाखूची चंची निघे, डबीतला चुना बोटावर घेऊन तुम्ही ठिपका द्यायचात, आणि उरलेल्या चुन्यात तंबाखू मळायचात.

मी त्या पोराला थांब म्हटलं आणि तसंच केलं. चुन्याचा ठिपका कंपनीच्या खुणेपासून चांगला बोटभर लांब पडला. पुलीच्या दोन कड्यांमध्ये रबर असतं. ते जुनं होऊन बाहेरचं कडं सरकलं होतं, खुणेसकट. लाईट खरं सांगत होता, लॅपटॉपही. खोटी होती ती खूणच. पहिला पिस्टनही बहुधा तिनंच खाल्ला. नवी पुली घातली, तिच्यावरही ठिपका स्वतः काढला, आकडा पुन्हा जुळवला. आज चढावर तो गाडी चालवत होता आणि मी कानाला यंत्र लावून इंजिन ऐकत होते. खडखड नाही. वर पोचल्यावर तो उतरला आणि बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. मी विचारलं, "च्या पिलास का न्हाय रं?"

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तेलानं न पुसला जाणारा पांढरा पेन माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि तो चुन्यापेक्षा कितीतरी बरा. तरी मी शहापूरच्या पानपट्टीवरून चुना आणते. "तंबाखू नको व्हय, आक्का?" असं पानवाला दर वेळी विचारतो. तुमच्या चंचीवरून मी तुमच्याशी किती भांडले होते, त्याला काय माहीत. आज घरी येऊन हात धुतले, डबी उघडली आणि थोडा चुना जिभेवर ठेवून बघितला. नुसताच. जीभ चांगलीच भाजली, आप्पा. रात्री आईनं आमटी वाढली तेव्हा तिखट लागलं म्हणून सांगितलं.