परसातली लहान गाडी

बाई, आपल्या परसात रेल्वेचे रूळ अंथरले आहेत. हे वाक्य मी पुन्हा वाचून पाहिले. त्यात व्याकरणाचा दोष नाही. कर्ता तेवढा अध्याहृत आहे, आणि तो मी आहे. ऐंशीच्या घरात आलेला तुझा थोरला मुलगा, ज्याने सिरसाळ्यात आयुष्यभर मुलांना मराठी शिकवले आणि ज्याला भिंतीत खिळा कधी सरळ ठोकता आला नाही, त्याने एक इंजिन आणि तीन डबे अशी अख्खी पॅसेंजर गाडी उभी केली आहे. तयार खेळणे विकत आणले नाही. लाकूड, पत्रा आणि पट्ट्या कापून, घासून, जोडून केली. तुला जाऊन इतकी वर्षे लोटली की तुला 'बाई' म्हणून हाक मारणारी आता आम्ही दोघेच उरलो आहोत, मी आणि धाकटी. तरीही ही बातमी आधी तुलाच द्यावीशी वाटली, कारण ही गाडी तुझ्या माहेरची आहे. परळीहून परभणीकडे जाणारी, जिला सगळे 'लहान गाडी' म्हणत, ती.

तुला आठवत असेल, परळीच्या स्टेशनावर तेव्हा दोन तऱ्हेच्या गाड्या येत. हैदराबादच्या बाजूची ती मोठी, रुंद रुळांची. आणि आपली ही अरुंद रुळांची, तांबड्या डब्यांची. तिने आपण परभणीला उतरायचो आणि तिथून पुढे बैलगाडीने मामाकडे. जायच्या दिवशी तू पहाटे चुलीपुढे बसून दुधातल्या दशम्या भाजतेस. मी शेजारी बसून तुझी भाषा सुधारतो. नुकताच पाचवीत गेलो आहे, आणि गुरुजींनी शिकवलेले सारे घरात लागू करायचे असे माझ्या मनाने घेतले आहे. "न्हाई नव्हे, नाही म्हणावे," असे मी तुला सांगतो. तू तव्यावरची दशमी उलटतेस आणि माझ्याकडे न बघता म्हणतेस, "तुझ्या नाहीनं तवा तापत न्हाई. जा, सरपण आण." मी सरपण आणायला जातो. त्या वादात मी आजवर हरलेलोच आहे.

आणि गाडीत? मी खिडकीबाहेर डोके काढून इंजिनाकडे बघत राहायचो. डोळ्यात कोळशाचा कण जाई. मग तू माझी हनुवटी धरून, पदराचे टोक पिळून, तो कण अलगद टिपून काढायचीस आणि त्याच हाताने एक धपाटा घालायचीस. धाकटी तुझ्या मांडीवर झोपलेली असे. गाडी सुटली की ती झोपे आणि परभणीला तू तिला खांद्यावर टाकून उतरवीस. गोदावरीचा पूल आला तरी तू तिला उठवले नाहीस. "निजू दे लेकराला," म्हणायचीस.

या 'निजू दे'तून पुढचे सगळे उद्भवले. धाकटी युसूफ वडगावला नांदते. आता तिचेही केस पांढरे झाले. गेल्या वर्षी भाऊबीजेला आली होती. मी जेवताना लहान गाडीच्या गोष्टी सांगत होतो आणि ती ताटावरून उठता उठता म्हणाली, "दादा, तू लई रंगवून सांगतोस. पण मला त्यातलं काईबी ठावं न्हाई. बाईनं मला झोपवूनच नेलं आन् झोपवूनच आणलं. पुढं मामाकडं जाणंच सुटलं, आन् मी जागी व्हायच्या आत गाडीबी बंद झाली की." ती हसत होती, पण हात धुताना पुष्कळ वेळ नळाशी उभी राहिली. मी तिथल्या तिथे बोलून गेलो, "पुढच्या भाऊबीजेला तुला ती गाडी दाखवीन. हीच ओवाळणी."

बोललो आणि मग घाबरलो. बाई, माझी अडचण लक्षात घे. ज्याने गाडी पाहिली आहे त्याला आपण कमीजास्त दाखवले तरी तो मनातल्या गाडीशी ताडून बघतो. धाकटीजवळ ताडून बघायला काही नाही. मी जी दाखवीन तीच तिच्यासाठी खरी. मग तीत एक खिडकी जरी अंदाजाने बसवली, तर मी तिला जन्मभरासाठी खोटी खिडकी दिली असे होईल. म्हणून ठरवले की अंदाज करायचा नाही.

खऱ्या गाडीच्या दोन रुळांमध्ये एक मीटर अंतर होते. मी ते पंचेचाळीस मिलिमीटर केले. तेव्हा खऱ्या गाडीत जे जे मीटरभर, ते ते माझ्या गाडीत पंचेचाळीस मिलिमीटर. नियम एकदा ठरला की अपवाद नाही. मापे घेण्यासाठी मी टेप घेऊन दूरच्या एका शहरात गेलो. तिथे तसाच एक जुना डबा बागेत शोभेला ठेवला आहे. मी डब्याखाली शिरलो तोच सुरक्षारक्षक धावत आला. "ओ काका! डब्याला हात लावायचा नाही. पाटी वाचा की." मी बाहेर येऊन पाटी वाचली. 'हात लाऊ नये' असे लिहिले होते. मी त्याला सांगितले की 'लाऊ' चूक, 'लावू' बरोबर, आणि त्याची उपपत्तीही समजावून दिली. त्यानंतर तो माझ्यापासून चार हात लांबच उभा राहिला, आणि मला हवी ती सगळी मापे घेता आली.

किती मजा आली हे तुला कसे सांगू! सुताराकडून सागाचे तुकडे आणले, तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून छपरे केली, खिडक्यांच्या झडपांची एकेक फळी वेगळी कापली. लहान मुलांच्या बॅटरीवर चालणाऱ्या मोटारगाडीची मोटर इंजिनाच्या पोटात बसवली. रूळ अॅल्युमिनियमच्या पट्टीचे, खालचे स्लीपर बाभळीचे. चाके कातून घ्यायला परळीला लेथवर गेलो. लेथवाला माझाच जुना विद्यार्थी. त्याने केलेले एक चाक मी परत केले तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, "सर, एका केसाचा फरक हाय. कोन बगनार हाय?"

"मी बघणार आहे."

"कावून एवढा जीव काढता? शाळेतबी असंच. एका वेलांटीपायी मला तासभर उभं केलतं तुमी."

"आता वेलांटी बरोबर देतोस का?"

"आता मी बिलच इंग्रजीत करतो," तो म्हणाला, आणि चाक पुन्हा लेथवर चढवले.

सगळे छान चालले होते, आणि मग तुझे सीताफळ आडवे आले. परस तुला माहीत आहे, लांबीला भरपूर, रुंदीला अपुरे. आणि मधोमध तू लावलेले ते झाड. मी झाडाभोवती रुळांचे लांबट कडे आखले होते. परंतु मापाने केलेला डबा दोन हातांना जेमतेम कमी भरतो. एवढा लांब डबा एवढ्या आवळ वळणावर वळेना. सासूच्या झाडावर तुझ्या सुनेचा माझ्याइतकाच जीव आहे. ती म्हणाली, "अहो, डबा वीतभर कापा. नणंदबाई काय पट्टी घेऊन बसणार आहेत?" मी म्हणालो, ती पट्टी घेऊन बसणार नाही म्हणूनच कापता येत नाही. "मग झाड कापा," ती रागाने म्हणाली, आणि दोन दिवस माझ्याकडे संशयाने बघत राहिली. मी झाड कापणार नव्हतो, आणि डबाही कापणार नव्हतो. डब्यांच्या जोडांमध्ये थोडा ढिलेपणा ठेवला, वळण कुंपणापर्यंत नेले आणि निभेल अशी आशा केली.

भाऊबीज उजाडली. धाकटी आली, नातवाच्या मोटारीतून उतरून थेट परसात गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "वैनी, ताट आणा. आधी इंजनाला ववाळते, मग दादाला." इंजिनाला कुंकू लागले. मी कळ दाबली. गाडी निघाली, बाई! सरळ वाटेने ती डौलात गेली. आणि वळणावर दुसऱ्या डब्याचा कोपरा पहिल्याला टेकला, पहिला रुळांवरून उचलला गेला आणि दोन्ही डबे सीताफळाच्या आळ्यात, चिखलात, कुशीवर पडले.

मी तर बघूही शकलो नाही. वर्षभराचे काम, आणि जिच्यासाठी केले ती समोर उभी. धाकटी गुडघ्यावर हात टेकत खाली बसली, एक डबा उचलला, चिखल पदराने पुसला, आत डोकावून बघितले.

"दादा, एक इचारू?"

"विचार."

"ती गाडी परळीहून निघून अशी गोल फिरून परत परळीलाच यायची व्हय?"

"नाही."

"मंग ही कावून फिरतीय?"

बाई, मोबाइलवर परदेशातल्या बागांमधल्या अशा गाड्या मी महिनोन्महिने पाहिल्या होत्या. त्या सगळ्या गोल फिरतात. खेळण्यातली गाडी गोल फिरते म्हणून मीही ती गोल फिरवली. झडपांच्या फळ्या मोजणाऱ्या माणसाने अख्खा मार्गच खोटा आखला होता, आणि तो खोटा मार्ग राखण्यासाठी तुझे झाड आणि खरा डबा यांत निवड करत बसला होता. मी हसू लागलो. इतका मोठ्याने हसलो की तुझी सून पाणी घेऊन धावली.

आणि त्या हसण्यात तू मला फलाटावर उभी दिसलीस. लहान गाडी परळीला येऊन संपते. इंजिन सुटते, बाजूच्या रुळावरून धुसफुसत डब्यांच्या दुसऱ्या टोकाला जाते आणि तिथे जोडले जाते. गाडी कोणत्या अंगाने निघणार हे तुला पक्के ठाऊक आहे. तरी इंजिन लागेपर्यंत तू आम्हांला आत बसू देत नाहीस. "इंजन लागू दे. डबे काय पळून जातेत?" ते लागले की तू आत येतेस, इंजिनाकडे पाठ होईल असे बाक शोधतेस आणि मला त्यावर बसवतेस, कोळसा डोळ्यात जाऊ नये म्हणून. मी मात्र वळून बघतोच. हे सगळे मला वर्षभरात एकदाही आठवले नव्हते. जी कायम झोपलेली होती तिच्या प्रश्नाने ते आठवले.

त्याच दुपारी वळण उखडले. स्वयंपाकघराच्या पायरीपासून मागच्या कुंपणापर्यंत, झाडाला बगल देऊन, एक सरळ मार्ग. एका टोकाला परळी, दुसऱ्या टोकाला परभणी. दोन्हीकडे इंजिनाला वळसा घालून यायला बाजूचा रूळ आणि रूळ बदलायचे सांधे. धाकटी म्हणाली, "एवढं कशाला? इंजन हातानं उचल आन् तिकडं ठिव." मी म्हणालो, खरे इंजिन कोणी हाताने उचलत नव्हते. "मंग मी काय जात नसते," ती म्हणाली, "तुझे सांधे व्हईस्तोवर." आणि ती राहिली. ओसरीवर बसून तुझ्या झाडाची सीताफळे खायची आणि आमच्यावर देखरेख करायची. मोरीचे पाणी झाडाकडे नेणाऱ्या पाटावर मी गोदावरीचा पूल बांधला तेव्हा ती वाकून म्हणाली, "ही गोदावरी? हिला तर साबणाचा वास येतोय." लेथवाला सुट्टीच्या दिवशी येऊन सांधे बसवून गेला. जाताना त्याने मला एकही फरक दाखवू दिला नाही. टेप स्वतःच्या खिशात घालून गेला.

आणि मग, बाई, एका सकाळी गाडी निघाली. कुठेही न अडखळता निघाली. तांबडे डबे झाडाच्या सावलीतून गेले, पुलावर चाकांचा आवाज बदलला, अगदी बदलला, पोकळ झाला, आणि गाडी परभणीला जाऊन थांबली. इंजिन सुटले, बाजूने आले, खट्कन जोडले गेले, आणि गाडी आमच्याकडे परत येऊ लागली. तुझी सून टाळ्या वाजवत होती. अलीकडेच बीडलाही रेल्वे आली, पेपरात फोटो आले, पण मला विचारशील तर या जिल्ह्यातली खरी बातमी आपल्या परसात होती.

धाकटी टाळ्या वाजवत नव्हती. गाडी पायरीशी थांबली तशी ती जवळ बसली आणि मधल्या डब्यावरून बोट फिरवत तिने विचारले, "दादा, बाईच्या मांडीवर मी कोनत्या खिडकीशी व्हते?"

"दारापासून तिसऱ्या," मी लगेच सांगितले.

तिने तिसऱ्या खिडकीवर बोट ठेवले आणि पुष्कळ वेळ काढले नाही. आता येणाऱ्याजाणाऱ्याला धाकटी ती खिडकी दाखवते. काल शेजारणीला सांगत होती की तिथून तिने पूल पाहिला होता, पाणी लई खोल दिसत होते. मी ते ऐकले आणि दुरुस्त केले नाही. बाई, ती खिडकी कोणती होती हे मला आठवत नाही. तिने विचारले तेव्हा तोंडाला आला तो आकडा मी सांगितला. साऱ्या गाडीत तेवढी एकच गोष्ट मापाची नाही. म्हणून हा कागद मी कुणाच्या हाती पडू देणार नाही, आणि धाकटीच्या तर मुळीच नाही.