तिसरा नुक्ता

॥ श्री महादेव प्रसन्न ॥

मानवत,
फाल्गुन शुद्ध तृतीया, शके १८५८

तीर्थस्वरूप ईश्वरअप्पा अण्णास,
(मागच्या पत्राखाली तू 'ईश्वरय्या स्वामी' अशी सही केलीस. कोण हा बाबा, म्हणून मी कागद उलटापालटा करून बघितला.)

धाकटी बहीण शांतम्मा हिचा शरणार्थ. इकडं सगळे खुशाल हायेत. वहिनीचा गुडघा कसा हाय? एरंडाचं पान शेकून बांध म्हणावं. तुझी नागू माझ्याकडं येऊन पंधरा दिस झाले, मजेत हाय. कापसाच्या गाड्या दारावरनं जायल्यात, धूळ लय.

तू लिहिलंस, सोमवारी हिंगोलीचे स्वामी नागूशी लग्नाची सुपारी फोडायला येणार, तिला पाठव. त्या किराणावाल्या मन्मथचं नाव काढू नको, आपण बसय्या स्वामींच्या वंशातले जंगम, वाण्याच्या घरात पोरगी द्यायची न्हाई. वाचून मला हसू आलं, अण्णा. एकटीच हसत बसले. त्या हिंगोलीकराची थोरली लेक नागूपेक्षा मोठी हाय, ते वाचलं तवा मात्र हसू आलं न्हाई.

तुझ्या त्या नकलेचं सांगते. आबांनी घरजागेच्या वादात तहसिलीतून काढलेली, पणजोबाचं नाव असलेली उर्दू नक्कल. आबांच्या मागं ती तुला सापडली, आणि चौदा वर्षं तू ती डब्यात घालून देवघरात पुजायलास. नागूनं येताना ती लुगड्याच्या घडीत आणली. तिच्यावर रागावू नको, मीच सांगितलं होतं. पंधरा दिस तू रिकाम्या डब्याला हात जोडायलास.

आमच्या गल्लीत दिनकरराव म्हणून हायेत, तीस वर्षं कचेरीत पेशकार होते. त्यांनी कागद उजेडात धरला, घडी नखानं सपाट केली आणि म्हणाले, "बाई, बसय्या कुठं? हे बसप्पा हाय. खाली दोन नुक्ते असले की 'य', तीन असले की 'प'. तिसरा घडीत दबलाय बघा."

एका टिपक्यासाठी तू वाण्याचा जंगम झालास! पोरांच्या नावातला अप्पा काढून अय्या चिकटवलास. राणीसावरगावच्या रानातल्या बसय्या स्वामींच्या समाधीवर दर श्रावणात बेल वाहतोस, ते पोखर्णीच्या जंगमांचे पणजोबा. त्यांचे खरे वारस तुला तिथं बघतात आणि गालात हसतात म्हणे. आपले बसप्पा कुठं पुरलेत, तिथलं गवत तरी कधी काढलंस का?

आणि नावापुढचा शब्द? नमकफरोश. तू गावाला सांगितलंस, हा स्वामींचा किताब. शाबास! निजामाच्या मुलखात जन्मून तुला नमक कळत न्हाई? मीठ विकायचे पणजोबा, अण्णा. बैलाच्या पाठीवर गोण टाकून गावोगाव फिरायचे. नुक्ता तुला दिसला नसेल, ते मी मान्य करते. नमक दिसलं होतं.

इथवर लिहून पत्र दोन दिस उशाला ठेवलं होतं. पुढचं लिहवत न्हाई.

गुरुपादचं नाव ह्या चौदा वर्षांत मी तुझ्यापुढं काढलं न्हाई. माझं त्याच्याशी ठरलं होतं, लुगडीसुद्धा घेऊन झाली होती, आणि तुझा तो कागद निघाला. अण्णानं मोडलं, असं मी सगळ्यांना सांगत आले. मला स्वतःला बी तेच सांगितलं. ते खोटं हाय. तो दारात येऊन म्हणाला होता, "शांता, तुझं काय म्हणणं हाय?" मी उंबऱ्याच्या आत उभी राहून म्हणाले, "आमी वाण्यात जात न्हाई." काय गोड लागलं होतं ते तोंडात!

पणजोबाची गोण माळ्यावर होती. लहानपणी आपण दोघं तिचे कोपरे चाटायचो, खारट लागायचे. तू ती परसात नेऊन जाळलीस. काडी कुणी आणून दिली? मीच. पळत जाऊन आणली.

मग मला काय मिळालं ते तुला माहीत हाय. पन्नाशीचा जंगम, दोन बायका गेलेल्या, म्हणून कागद न बघता मला पत्करली. सहा वर्षांत तो बी गेला. सासू पार्वतीबाई मरेपर्यंत विचारायची, "जंगमाच्या घरात बापाचं नाव अप्पा कसं गं?" मी खाली मान घालून भाकरी थापायची. तुझी मला कीव येते, अण्णा. किळस येते ती माझी.

तर आता ऐक. नागू सोमवारी येणार न्हाई. मी तिला तीनदा विचारलं, तिन्ही बारीला एकच बोलली. मन्मथ हा गुरुपादचा पुतण्या. त्यांची मागणी तू शिव्या देऊन परत लावलीस, म्हणून मी स्वतः त्यांच्या दारात गेले. गुरुपाद "आत या" म्हणाला. 'या' म्हणाला, अण्णा. मी उंबऱ्याबाहेर उभी राहूनच नागूसाठी पदर पसरला. तो हो म्हणाला.

त्याच सोमवारी लग्न इथंच लावायलोत. यायचं तर ईश्वरअप्पा होऊन ये, बापाच्या जागी बस. ईश्वरय्या स्वामींना मांडवात कुणी ओळखत न्हाई.

नक्कल परत मागू नको. ती मी नागूच्या ओटीत घालणार हाय, घडी मोडून.

बसप्पा मीठवाल्यांची पणती,
शांतम्मा