आईची कंबर

कौनास, ४ नोव्हेंबर

प्रिय आल्विदास,

तुला आणि योलिताला नमस्कार, ऊग्नेला पापा. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण दवाखान्याचे तीन जिने अजून चढते.

परवा मृतांच्या स्मरणाच्या दिवशी आईच्या थडग्यावर मेणबत्त्या लावल्या. शेजारच्या म्हातारीने विचारलंच, "यंदा भाऊ नाही आला?" मी म्हटलं, त्याला काम निघालं.

आमचा अभ्यास संपला. नैराश्य असलेल्या माणसांच्या एकोणनव्वद घरांत सहा वर्षं जात होतो. गोळ्यांनी आणि बोलण्याच्या उपचारांनी रुग्ण किती सुधारतो ते बघितलंच, पण मला घरातल्या बाकीच्यांना विचारायचं होतं. जवळजवळ प्रत्येक घरात एक जण सापडला, जो स्वयंपाक करतो, शेजाऱ्यांना थापा मारतो आणि ज्याला कुणीच काही विचारत नाही. परिषदेत हे मी मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. खाली बसले तर डोळ्यांपुढे बारा वर्षांचा तू, ओट्याशी बटाटे सोलणारा.

त्या हिवाळ्यात आई अंथरुणातून उठेना, तेव्हा "तिची कंबर धरली आहे" असं सगळ्यांना सांगायचं मी ठरवलं. शाळेत, दुकानात, मामालासुद्धा तेच. मग मला वैद्यकीयला प्रवेश मिळाला आणि मी ते वाक्य आणि आई, दोन्ही तुझ्या गळ्यात टाकून कौनासला निघून आले. शिकायला गेले असं मी सांगत आले. खरं म्हणजे मी पळाले होते, आल्विदास. तिशीत मलाही तेच दुखणं झालं. चौदा महिने गोळ्या घेतल्या, तुला कळू दिलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. योलिताने मंगळवारी फोन केला. तू तीन आठवडे गॅरेजवर गेला नाहीस. मी विचारलं, "काय झालंय त्याला?" ती म्हणाली, "कंबर धरली आहे."

ते वाक्य माझं आहे. मला नाही चालायचं.

शनिवारी मी येतेय. सोमवारी तुमच्याच गावातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे तुझी वेळ घेतलीय. त्या माझ्या ओळखीच्या आहेत, पण तू जे सांगशील ते माझ्यापर्यंत येणार नाही. भांडायचं असेल तर वाटेत गाडीत भांड. यातून माणसं बाहेर येतात. मी रोज बघते, मीही आले.

उशिराच का होईना, निघालेली
तुझी ताई,
विदा

पानेवेझिस, १९ जानेवारी

ताई,

पत्र लिहायची सवय नाही, चुका काढू नकोस.

त्या शनिवारी मी दार उघडणार नव्हतो. योलिताने उघडलं, बरं केलं. गाडीत मी किती बोललो, आठवतंय? पंचवीस वर्षांचं साठलेलं. तू एकदाही "पण" म्हणाली नाहीस.

गोळ्यांनी पहिले तीन आठवडे नुसतं तोंड कोरडं. तुला मनात भरपूर शिव्या घातल्या. पाचव्या आठवड्यात जेवताना म्हटलं, "सुपात मीठ कमी आहे." योलिता रडायला लागली. म्हणाली, "दोन महिन्यांत पहिल्यांदा चव सांगितलीस."

आता अर्धा दिवस गॅरेजवर जातो. एखादी सकाळ अजून जड जाते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जाऊ द्या जड, गोळी मात्र चुकवू नका.

खरी गोष्ट वेगळीच. ऊग्ने घरात पाय न वाजवता चालायला लागली होती. नऊ वर्षांची पोर, आणि मला ते दिसलंच नव्हतं. रविवारी तिला समोर बसवलं. तिनेच विचारलं, "बाबा, मी काही केलं का?"

मी म्हटलं, "नाही गं. मी आजारी होतो. तुझ्यामुळे नाही. औषध चालू आहे, बरा होतोय."

तिने जरा विचार केला. "मग मोठ्याने गाणी लावू?"

"लाव."

कान किटले आमचे! ताई, हे एवढंच आपल्यालाही कुणी सांगायला हवं होतं. आईला सांगता आलं नाही, तिलाही कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. तुझ्या अभ्यासात हे लिही, माझ्या नावासकट.

तू गेलीस त्याचा राग अजून आहे. डॉक्टरीणबाईंच्या मते राग येतोय हे चांगलं लक्षण आहे, तेव्हा खूश हो.

अजून थोडा रागावलेला, पण तुझाच भाऊ,
आल्विदास