लेबल नसलेल्या बाटल्या

मुलुंड, बुधवार
ऑक्टोबर १९८६

प्रिय अनंता,

दशरथने डबा पोचवला असेल. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच, तोवर पाइप पेटवू नकोस. वाढदिवसाच्या भेटीबरोबर असली तंबी देणारा मी पहिलाच असेन, पण हात जोडून सांगतो, ऐक. त्या तंबाखूत मी काय घातलंय ते मला नक्की माहीत नाही.

तंबाखू नेहमीचीच आहे. गुंटूरची पानं आणली, देठ काढून बारीक कातरली, गूळ आणि ज्येष्ठमधाचं कोमट पाणी शिंपडलं आणि वर्तमानपत्रावर पसरून दोन दिवस सुकत ठेवली. तेवढे दिवस पंख्याला बंदी. "माणसांनी घामाने मरायचं आणि तुमच्या पाल्याची बडदास्त!" हे आमच्या सौभाग्यवती प्रेमाचं वाक्य तुला पाठच आहे. चिमूट दाबली की एकत्र राहिली पाहिजे, सोडली की सुटली पाहिजे, तेही साधलं. इथपर्यंत डोळे आणि बोटं पुरतात रे. पुढचं काम वासाच्या थेंबांचं, आणि ते नाकाचं.

आता खरं सांगतो. श्रावणात मला ताप आला होता, आठवतंय? ताप गेला, सर्दी गेली, वास मात्र परत आला नाही. आज येईल, उद्या येईल म्हणत दोन महिने काढले. एकदा मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो आणि आत दूध करपून पातेलं कोळसा झालं. प्रेमा जिन्यातून धावत आली. मी वाचनात गुंग होतो असं तिला वाटलं, मीही वाटू दिलं. तिला सांगितलं तर ती रात्रंदिवस गॅसपाशी पहारा देत बसेल. तेव्हापासून मीच दिवसातून दहा वेळा बटण बंद आहे का ते हात लावून बघतो.

घरचं एक वेळ निभेल. साकीनाक्याला काय करू? एसेन्सच्या कारखान्यात सव्वीस वर्षं मी नाकावर पगार घेतोय. माझी सही झाल्याशिवाय पिंप बाहेर जात नाही. सध्या बाटल्या धुणाऱ्या सोनूबाईसमोर अर्कात बुडवलेली कागदाची पट्टी धरतो आणि थट्टेत विचारल्यासारखं विचारतो, काय, कसा आहे आजचा माल? ती पदर खोचून, डोळे मिटून हुंगते आणि सांगते, "सायबानु, आंबो आज जरा कच्चो वाटता." ती म्हणेल तशी मी सही करतो. बिचारीला वाटतं साहेब आपल्याला मान देतात. मला मात्र तिच्याकडे बघायची लाज वाटते. सोमवारी संत्र्याचा अर्क सहीला येणार आहे, लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधात पडणारा. मागे अशाच एका पिंपाला रॉकेलचा पुसटसा वास होता. तो अख्ख्या कारखान्यात फक्त मला आला होता. सोनूबाईला नव्हता आला.

आता डब्याकडे येतो. माझ्या भिंतीतल्या कपाटातल्या त्या चौदा तपकिरी बाटल्या तू किती वेळा पाहिल्यास! "लेबलं लाव रे, एखाद दिवशी चहात गुलाब ओतशील," म्हणून मागे लागायचास आणि मी ऐटीत सांगायचो, माझं नाक वाचतं. व्हॅनिला डावीकडून तिसरी, एवढीच माझी नोंद. गेल्या रविवारी कपाट उघडलं तर दसऱ्याच्या साफसफाईत प्रेमाने सगळ्या बाटल्या पुसून उंचीप्रमाणे छान ओळीत मांडलेल्या. सगळे अर्क स्पिरिटमधले, रंगाने सारखे, जिभेवर ठेवले तर सगळ्यांची आगच. व्हॅनिला, रम, अंजीर त्यातच, आणि पानवाल्यांचा गुलाब, लवंग, निलगिरीही त्यातच.

एकेक बूच काढून हुंगत गेलो. पहिली, दुसरी, पाचवी, काही नाही. पाणी हुंगावं तसं. जमिनीवर बसलो आणि खरंच रडलो, अनंता, या वयात. मग पुन्हा सुरू केलं. अकराव्या बाटलीला क्षणभर, अगदी क्षणभर, व्हॅनिला आली. गोड, ऊबदार, ओळखीची. लगेच गेली. पुन्हा हुंगलं, काही नाही. त्याच बाटलीचे बारा थेंब मोजून घातले, डबा दाबून बंद केला आणि तीन दिवस उघडला नाही. प्रेमा मालाडहून बहिणीकडून आली तेव्हा म्हणाली, आज काहीतरी वेगळंच दरवळतंय. काय ते विचारायची माझी छाती झाली नाही.

तो वास नाकाला आला की नुसता आठवला, हेच मला कळत नाहीये. म्हणून डबा तुझ्याकडे धाडलाय. झाकण उघड, नीट हुंग आणि जे असेल ते चिठ्ठीवर लिहून शनिवारी दशरथबरोबर पाठव. व्हॅनिला असेल तर नाक परततंय, मी रजा टाकून डॉक्टर गाठीन आणि वाट बघेन. दुसरं काही असेल तर सोमवारी सहीच्या आधी मालकांसमोर उभा राहीन आणि खरं सांगेन. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, पण त्या औषधावर सोनूबाईच्या नाकाने सही करणार नाही. फक्त एक लक्षात ठेव. चौऱ्याहत्तर साली मी फणसाचा अर्क घातला होता आणि तू कळवलंस, "झकास!" चार महिन्यांनी तुझ्याकडे आलो तेव्हा तुझा पाइप हळूच नाकाशी नेला होता. त्यात फणसाचा मागमूस नव्हता. तुला वाईट वाटेल म्हणून मी कधी बोललो नाही. दरवर्षी तुझं खोटं मला असंच कळत आलंय. या वेळी खोटं बोललास, तर मला कळणार नाही.

तुझाच,
नंदकिशोर